फवारणीच्या महालक्ष्म्या

भाद्रपदात झड लागली ती उघडायचं नावच घेईना. सोयाबीन शेंगांवर आलेलं, कपाशीला पात्या-फुलं लागलेली, आणि आभाळ असं की भरदुपारी घरात दिवा लावावा लागे. सदाशिवरावाच्या घरावरचं एक टिन सरकलेलं होतं आणि नेमकं त्याच्याखाली, माळ्यावर, महालक्ष्म्यांची पेटी होती. टिन सरकल्याचं सदाशिवरावाला उन्हाळ्यापासून ठाऊक होतं. बायकोला त्याने तसं सांगितलंही होतं, जणू बायकोच वर चढून ते सरळ करणार होती.

महालक्ष्म्या तोंडावर आल्या तेव्हा भागीरथाबाईने पोराकडून पेटी खाली उतरवून घेतली आणि झाकण उघडलं. दोन्ही मुखवटे मातीचे, तिच्या सासूच्या वेळचे. ज्येष्ठेच्या गालावरचा रंग फुगून वर आला होता, नख लावलं की पापुद्रा हातात येई. कनिष्ठेचा एक डोळा तर सगळाच्या सगळा सुटून पेटीच्या तळाशी पडला होता.

“टिन सरकलं म्हनत होते ना तुमी,” भागीरथाबाई नवऱ्याला म्हणाली. “पाहा. खरंच सरकलं.”

“आता काय करतं? यवतमाळहून पितळीचे आनून टाकू.”

“पितळीचे त्याईच्या घरी, ज्याईले रंगवता येत नाही.”

सदाशिवराव गप्प बसला. गप्प बसण्यात त्याचा हात कोणी धरू शकत नव्हतं.

हे रंगवायचं काम भागीरथाबाईचं. घरचे मुखवटे तर तीच रंगवी, गावातलेही पुष्कळ तिच्याकडे येत. बोटभर दांडीचा ब्रश घेऊन एका दमात डोळ्याची रेघ ओढायची, ती अशी की पाहणाऱ्याने आपोआप हात जोडावे. आणि तिला त्याचा गर्व होता. दुसऱ्या कोणाच्या घरी महालक्ष्म्या पाहायला गेली की प्रसादाआधी डोळे पाही, आणि घरी येऊन त्या डोळ्यांच्या नकला करून दाखवी. अमक्याची देवी चकणी, तमक्याची झोपेतून उठलेली, तिसऱ्याची उधारी मागायला आलेली. तिची चुलत जाऊ पंचफुलाबाई या नकलांना कंटाळून शेवटी पितळेचे मुखवटे घेऊन आली. भागीरथाबाई ते पाहायला गेली आणि म्हणाली, “छान हायत. तांब्यात तोंड पाह्यल्यावानी वाटते.” भागीरथाबाईने नावं ठेवली नाहीत असं घर गावात नव्हतं.

आता तिचाच हात थरथरू लागला होता. दिवाळीपासून. आधी नुसतं बोट, मग मनगटापर्यंत. तिने ते कोणाला सांगितलं नाही. अंगणातली रांगोळी बंद केली, कोंबड्या विस्कटतात म्हणून. सुईत दोरा सुनेकडून ओवून घेऊ लागली, चष्म्याचा नंबर वाढला म्हणून. घरातल्यांना कळलं होतं, पण तिला ते तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती. गावाला मात्र कळायचं होतं. मागच्या वेळी नुसता इथे-तिथे रंग लावून भागलं होतं. या वेळी सगळं खरवडून डोळे नव्याने काढायचे होते. महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी सगळं गाव त्या डोळ्यांत तिचा हात वाचणार होतं, आणि तिने आजवर जे जे म्हटलं ते सगळं व्याजासकट परत येणार होतं. याची तिला भीती वाटत होती. भीती वाटली की ती जास्त टोचून बोलत असे, म्हणून त्या आठवड्यात घरात कोणाचीच धडगत नव्हती.

सर्वात सोयीची सापडली सून. सुरभी दारव्ह्याची, लग्नाआधी तिथल्या एका पार्लरात बायकांची नखं रंगवायची. सोयरीक जमवताना मुलगी ‘कोर्स केलेली’ आहे असं सांगण्यात आलं होतं. कशाचा, हे या घरातल्या कोणी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर आपल्याला ठाऊक नाही हे उघड झालं असतं. झड लागायच्या आधी तिने मोबाइलवरून एक वस्तू मागवली होती. ती नेमकी मुखवटे उघडले त्याच दिवशी आली.

“हे काय व?” भागीरथाबाईने विचारलं. “पंप हाय का?”

“एअरब्रश आहे आई. रंगाचा. हवेनं रंग उडते याच्यातून.”

पेनाएवढी नळी, तिच्यावर टोपणाएवढी वाटी, खाली हवा भरणारा डबा. नळीच्या आत केसासारखी बारीक सुई. खटका दाबला की हवा, मागे ओढला की रंग.

“म्हंजे फवारणी,” भागीरथाबाई म्हणाली.

“फवारणी नाही. याच्यानं गालावरची लाली अशी येते का, कुठून सुरू झाली ते समजतच नाही. मुखवट्याले चांगलं होईन.”

“देवीच्या तोंडावर फवारणी करतं? अळी पडली का तिले?”

तो शब्द चिकटला. पिंटू, म्हणजे सुरभीचा नवरा, तिशी ओलांडली तरी गावाला पिंटूच, जेवताना फिसकन हसला आणि बायकोने त्याच्याकडे पाहिल्यावर ताटात पाहू लागला.

सुरभीला तरी ते हत्यार कुठे चालवता येत होतं. तिने दुसऱ्यांना चालवताना मोबाइलवर पाहिलं होतं, तेवढंच. स्वयंपाक आवरला की ती मागच्या पडवीत बसे आणि जे हाती लागेल त्यावर उडवून पाही. आधी खताच्या रिकाम्या पोत्यावर. मग एका दुधी भोपळ्यावर. नळी जवळ नेली की रंगाचा थेंब फुटून त्याला कोळ्याचे पाय फुटत. लांब नेली की रंग वाटेतच वाळून भुकटी होऊन पडे. खटका दाबायचा आणि ओढायचा, दोन्ही एकाच बोटाने, आणि हात मधे थांबवायचा नाही. थांबला की डाग. बोटाला ते कळायला वेळ लागला. भोपळ्याच्या एका बाजूला डागच डाग, दुसऱ्या बाजूला मात्र गाल उमटला. खरोखरचा, उन्हातून आलेल्या पोरीचा असतो तसा. सुरभी बराच वेळ त्या भोपळ्याकडे पाहत बसली आणि तिला आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी पाऊस जरा थांबला, निंदणाच्या बायका वावरात आल्या. दुपारी बांधावर भाकरी सोडताना भागीरथाबाईने तोच भोपळा पिशवीतून काढून सगळ्यांपुढे ठेवला.

“आमच्या सुनेनं याले लाली लावली,” ती म्हणाली. “आता हा चिरू देत नाही. लाजते.”

बायका हसल्या. एक म्हणाली, लग्न लावून द्या त्याचं. सुरभी पाण्याची कॅन घेऊन तिथेच उभी होती. कॅन तिने खाली ठेवली, पेले भरून सगळ्यांना दिले, सासूलाही दिला, आणि परत विहिरीकडे गेली. तिचे कान तापले होते. या घरात आपण कायम पाणीच भरायचं, असं तिला स्पष्ट वाटलं.

पिंटूला बायकोची दया आली, आणि त्याची दया म्हणजे नेहमी काहीतरी मोडणं. संध्याकाळी तो फवारणीवरून आला, डोळे लाल, पाठीला पंपाचा पट्टा रुतलेला. सुरभी आत कणीक मळत होती. पडवीत रंगाची वाटी भरलेली दिसली. त्याने विचार केला, असा पाण्याचा रंग मातीवर टिकणार कसा. कपाशीच्या पानावर औषध टिकावं म्हणून पंपात स्टिकर टाकतात, ते चिकट पाणी त्याच्या खिशातच बाटलीत होतं. चार थेंब वाटीत टाकले. नंतर सुरभीने खटका ओढला तर आत रंग दह्यासारखा फाटला आणि नळी बंद.

“काय टाकलं तुमी याच्यात?”

“स्टिकर. पावसानं धुपाचं नाही.”

“देवी काय वावरात उभी राहनार आहे?”

“आन इकडं. नोझल चोकअप झालं. मिनिटाचं काम.”

पंपाचं नोझल बंद पडलं की तोंडाला लावून फुंकायचं, हे पिंटूचं जन्माचं शिक्षण. कृषी सहायक सांगून थकले, गावातले दोघे त्यापायी दवाखान्यात जाऊन आले, तरी ते सुटलं नव्हतं. त्याने नळी तोंडाला लावली आणि गाल फुगवून फुंकली. रंग उलटा आला. ओठ, दात, मिशी लालभडक. तेवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. त्याने पुढून तार घातली, आणि आतली सुई वाकली. ती बाहेर काढून त्याने पकडीने सरळ केली, डोळ्यासमोर धरली आणि म्हणाला, “झालं.”

झालं काही नव्हतं. फवारा आता डावीकडे कलत होता. सुरभीला रडू आलं, पण रडण्याहून संताप मोठा होता, म्हणून ती रडली नाही. भागीरथाबाईने पोराचं लाल तोंड पाहिलं आणि म्हणाली, “बरं झालं. एक मुखवटा तं रंगला.”

पहाटे उठून सुरभीने नळी कोमट पाण्याने धुतली, आणि पुन्हा पोतं अंथरलं. कलतो तर कलतो. तिने मनगट वाकडं करून धरायला सुरुवात केली. वाकड्या हाताने सरळ रेघ यायला लागली, तेव्हा घरात चहाची हाकाटी सुरू झाली होती.

इकडे भागीरथाबाईने मुखवटे खरवडून घेतले होते. ब्लेडने पापुद्रे काढले, पांढऱ्याचा हात दिला, वर पिवळट गुलाबी. रुंद ब्रशला थरथर चालते, रंग सपाटच लावायचा असतो. ते चांगलं झालं. बसवायच्या आदल्या दिवशी सकाळी तिने काळा रंग कालवला, सगळ्यांना बाहेर काढलं आणि मधल्या खोलीचं दार लोटून घेतलं.

बराच वेळ आवाज नव्हता. मग चिंधी घासल्याचा आवाज. मग पुन्हा काही नाही. पुन्हा चिंधी. सदाशिवराव ओसरीवर बसून एकदा म्हणाला, “पंडित सांगत होता, उद्या बसवाचा मुहूर्त दुपारचा हाय.” तिसऱ्यांदा चिंधी वाजली तेव्हा सुरभी पोळपाट तसाच टाकून दाराशी येऊन उभी राहिली. आत जायची तिची हिंमत होईना.

“उभी काय हायस?” आतून आवाज आला. “आण तुही फवारणी.”

भागीरथाबाई दाराकडे पाठ करून बसली होती. मांडीवर ज्येष्ठा. डोळ्याच्या जागी पुसून पुसून राखाडी झालेलं, आणि एक काळी रेघ कानशिलापर्यंत पळत गेलेली.

“दमट हवा हाय,” ती म्हणाली. “रंग धरत नाही.”

“हो,” सुरभी म्हणाली.

“बोलू नोको. मी सांगीन तसं कर. उगाच हुशारी केली तं पुन्हा भोपळ्यावर पाठवीन.”

डोळ्याची बारीक रेघ सुट्या हाताने मारणं एअरब्रशने जमणार नाही, हे सुरभीला रात्रंदिवसाच्या खटाटोपात कळलं होतं. साचा हवा, पातळ आणि ओला न होणारा. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि खुंटीवरच्या पिशवीतून सदाशिवरावाच्या गुडघ्याचा जुना एक्स-रे काढला.

“त्याईचा गुडघा हाय तो.”

“हो. कापू का?”

“काप. आजवर काही कामाचा नव्हता.”

मुखवट्याच्या मातीत डोळ्यांची खोबण होती, पण नुसत्या खोबणीने डोळा होत नाही. सुरभी फिल्म वर धरून ब्लेडने कापी आणि भागीरथाबाई नाही म्हणे. कोपरा वर गेला. हा मासा झाला. हे काय, नाकात चाललं. सुरभीचे तीन साचे वाया गेले, गुडघा संपत आला. शेवटी म्हातारीने आपलं बोट पुढे केलं, तेही थरथरत होतं, आणि तिने ते चटकन मागे घेतलं.

“मोठीचा कोपरा खाली पाह्यजे,” ती भिंतीकडे पाहत म्हणाली. “लहानीचा वर. लहानी आताच आली, तिले सगळं नवं दिसते. मोठीनं पाह्यलेलं हाय सगळं. तिले आता कशाचं काही वाटत नाही, तरी ती येते. तसं काढ.”

सुरभीने कापलं. भागीरथाबाई काही म्हणाली नाही, म्हणजे बरोबर होतं. साचा ठेवून तिने मनगट वाकडं केलं आणि खटका ओढला. श्वास रोखून एक पापणी, मग साचा उलटा करून दुसऱ्या डोळ्याची. उचलून पाहिलं तर दोन्ही डोळे तंतोतंत.

“हा आधार कार्डावरचा फोटू झाला,” भागीरथाबाई म्हणाली. “इतके सारखे डोळे कोनाचे असतात का? डावा हलव जराशी.”

सुरभीने साचा किंचित सरकवून पुन्हा एक हात दिला. वाकलेल्या सुईने डावीकडे थोडं जास्त काळं सांडलं, पापणीच्या बाहेर, धुरासारखं. ती पुसायला लागली.

“राहू दे.”

दोघी पाहत राहिल्या. ज्येष्ठा त्यांच्याकडे पाहत होती. कानशिलावर पळालेली रेघ सुरभीने तपकिरी रंगाच्या फवाऱ्यात बुडवली, केसांची सावली वाटावी तशी. मग गाल केले. भागीरथाबाईने चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा लावला.

“भोपळ्यापेक्षा बरं हाय,” ती म्हणाली. “लहानी घे आता. मी पोळ्यांचं पाह्यतो.”

जेवणाच्या दिवशी घर माणसांनी भरलं. पुरणाचा, आंबिलीचा, ओल्या कपड्यांचा वास. वरून करंज्या-पापड्यांचा फुलोरा लोंबकळत होता आणि त्याखाली दोघी उभ्या, हिरव्या नि जांभळ्या लुगड्यांत. बाया येत, हळदकुंकू वाहत, आणि मान वर करून पाहत राहत. एकीचं पोर म्हणालं, ही माह्याकडं पाहून राह्यली. भागीरथाबाई चुलीपाशी बसून हे सगळं ऐकत होती. डोळे दाराकडे. पंचफुलाबाई यायची होती.

पंचफुलाबाई आली ती तयारीनेच. वैशाखातल्या एका लग्नात भागीरथाबाईने तिला कुंकू लावताना बोट कपाळाऐवजी भुवईवर टेकवलं होतं, ते ती विसरली नव्हती. ती थेट मुखवट्यांपुढे गेली आणि नाक टेकेल इतकी जवळ वाकली. एका डोळ्याची रेघ, दुसऱ्याची रेघ. कुठे कापलेली नाही, कुठे तुटलेली नाही. तिचा चेहरा पडला. मग तिला सुचलं.

“भागीरथाबाई,” ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “औंदा महालक्ष्म्या पार्लरात जाऊन आल्या का? गालाले पावडर, डोळ्याले काजळ. हे काही तुह्या हातचं नाही दिसत. सूनबाईनं केलं असन.”

बायकांनी माना वळवल्या. सुरभी पाटांपुढे पत्रावळी मांडत होती, ती तशीच वाकलेली राहिली. तिला वाटलं, आता सासू म्हणेल. चांगलं म्हणो, वाईट म्हणो, पण नाव तरी घेईल.

“मी केलं,” भागीरथाबाई म्हणाली.

“तू?”

“मंग कोन? तुह्यावानी दुकानातून नाही आनत मी. साठीनंतर हात सुधारला माह्या.”

“एवढं बारीक?”

“बारीक दिसाले नजर बारीक पाह्यजे. बस जेवाले. सुरभी, लाव व तिले हळदकुंकू, माह्ये हात पुरनात हायत.”

पंचफुलाबाई बसली. वाढणारीने तिच्या पानात पोळी टाकली आणि दुसरी एक बाई मुखवट्यांकडे पाहून म्हणाली, काही म्हना, भागीरथाबाईवानी हात गावात होनं नाही. बाकीच्यांनी माना डोलावल्या. सुरभीने पंचफुलाबाईला कुंकू लावलं, बरोब्बर मधोमध, आणि पुढच्या पानावर गेली.

पाहुणे पांगले. पुरुष ओसरीवर सुपारी कातरत बसले. मागच्या अंगणात भांड्यांचा ढीग पडला होता आणि सासू-सुना समोरासमोर बसून घासत होत्या. सुरभीने बरीच भांडी घासली.

“आई,” मग ती म्हणाली, “मी केलं म्हनून काहून नाही सांगतलं?”

“तुह्यं नाव घेतलं असतं तं तिनं तिथंच शंभर खोड्या काढल्या असत्या. माह्या नावाले हात लावाची तिची टाप नाही. वाचवलं तुले.”

“आन तिनं आल्या आल्या छान म्हंटलं असतं तं?”

भागीरथाबाईने परातीवरचं पुरण नखाने खरवडलं. आता खोटं बोलायचा तिला कंटाळा आला. त्यासाठी समोरच्याला किंमत द्यावी लागते.

“तरी मीच केलं म्हंटलं असतं.”

सुरभीने हातातलं ताट दगडावर ठेवलं. आपटलं नाही, ठेवलं.

“ठीक आहे,” ती म्हणाली. “मग पुढच्या साली तुमच्याच हातानं करजा.”

भागीरथाबाईने तोंड उघडलं. तिच्याकडे प्रत्येकासाठी काहीतरी तयार असे, नवऱ्यासाठी, पोरासाठी, पंचफुलीसाठी, अख्ख्या गावासाठी. पण सून तिच्या तोंडाकडे पाहत नव्हती, सरळ तिच्या हातांकडे पाहत होती. भागीरथाबाईने दोन्ही हात राखेच्या टोपल्यात घातले आणि मोठी कढई जवळ ओढली.